आज्ञा, बैल आणि वैरण

दहा आज्ञांपैकीं हत्यानिषेधाची आज्ञा बैलासही लागू आहे, असें म्हणणारांस आम्ही विचारतों: त्याच ग्रंथांत पशुयज्ञाचे विधी सांगितले आहेत, ते कसे? मूळ हिब्रू शब्द 'रात्साख' मनुष्यवधाचा आहे. मराठी बायबलांतही 'खून' हाच शब्द आहे. शब्द ताणल्यानें दया वाढत नाहीं. बैलावर दया अवश्य करावी, पण स्वतःच्या खर्चानें! २०१५ सालीं महाराष्ट्रांत बैलाच्या कत्तलीस कायद्यानें बंदी झाली. तेव्हां काष्टीच्या जनावरांच्या बाजारांत थकलेल्या बैलास गिऱ्हाईक न मिळाल्यास त्याच्या वैरणीचा भार कोणीं सोसावा? तो शेतकऱ्यावर टाकून पुण्य मात्र आपण घ्यावें, यास आम्ही धर्म म्हणणार नाहीं. ज्यांस बैल जगावा असें वाटतें, त्यांनीं त्याच्या दावणीला वैरणही टाकावी.