वर्षावास आणि तासिका

आषाढी पौर्णिमा झाली की सक्करदऱ्यातील आमच्या वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन सुरू होते आणि ते अश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. ग्रंथ अर्थातच डॉ. आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. नेमका याच सुमारास माझा दुसरा एक वार्षिक विधी पार पडतो, तो म्हणजे तासिका तत्त्वावरील प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचा. एम.ए., नेट, पीएच.डी. सारे झाले, चाळिशीही मागे पडली. तरी येत्या सत्रात मी वर्गात असेन की नाही, हे जून संपला तरी मला सांगता येत नाही. रडगाणे गाण्याचा हेतू नाही. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकजण याच रांगेत उभे असतील.

हितचिंतक सुचवतात, दहा दिवस विपश्यनेला जा, जरा निसर्गात राहा, मन स्थिर होईल. सल्ला वाईट नाही. श्वासाकडे पाहायला शिकल्यापासून माझी झोप सुधारली आहे, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. पण या सल्ल्यात स्थैर्य म्हणजे तक्रार मिटणे असा एक अर्थ हळूच शिरतो, आणि तो मला मान्य नाही.

वर्षावासाचा उगमच पाहावा. विनयपिटकातील महावग्गात त्याची कथा येते. भर पावसाळ्यात हिंडणारे भिक्षू हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात, अशी लोकांनी कुरकुर केली आणि बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे हे थांबणे भिक्षूंच्या मनःशांतीसाठी नव्हते, ते गवतासाठी होते. शिवाय तो नियम लोकांच्या तक्रारीतून जन्मला. निसर्ग इथे शिणलेल्या मनाचे विश्रामगृह नाही. आपल्या पावलाखाली काय येते, याचे भान तो मागतो.

भोसलेकालीन सक्करदरा तलावाच्या काठी मी कधी कधी फिरते. वाटेत एक पिंपळ आहे. वारा जाणवतही नाही, तरी त्याची पाने थरथरत असतात. शंकराचार्यांच्या गीताभाष्यात ‘अश्वत्थ’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘उद्यापर्यंतही न टिकणारा’ अशा अर्थाने दिली आहे. (वर्गात हे सांगितले की मुले हसतात, बाईंच्या नेमणुकीसारखाच, असे एकदा मागच्या बाकावरून ऐकूही आले.) संदर्भ वेगळा, परंपराही वेगळी, तरीही सिद्धार्थ बसला तो याच झाडाखाली.

आंबेडकरांनी तर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणच बदलले. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून तो निघाला, ही कथा त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाला या गोष्टी आधी कशा दिसल्या नाहीत, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. त्यांच्या ग्रंथात निमित्त आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या तंट्याचे. सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत युद्धाला विरोध करतो, बहुमत विरुद्ध जाते आणि तो परिव्रज्या पत्करतो. साहित्याच्या अभ्यासकांनी या बदलाकडे केवळ इतिहासाची चिकित्सा म्हणून पाहू नये. कथेचे बीजच इथे पालटते. मृत्यूच्या भयाने निघालेला नायक आणि सभेत एकटा पडूनही न डगमगलेला नायक, यांची शांती एकच कशी असेल?

२०२० च्या पावसाळ्यात विहाराला कुलूप होते. दीक्षाभूमीवरचा सोहळाही त्या वर्षी झाला नाही. तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी, आपापल्या ओसरीवर बसून लोकांनी हा ग्रंथ वाचला. त्यातले कितीजण रोजमजुरीवर जगणारे होते, हे मला ठाऊक आहे. उद्याची खात्री त्यांना कधीच नव्हती. माझ्यासारखीला ती नसल्याचे नवल वाटते, एवढाच काय तो फरक.

यंदा रोहिणीचे प्रकरण वाचण्याची पाळी माझी होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता, मध्येच वीज गेली, कुणीतरी मोबाइलचा उजेड धरला. मी पुढे जाऊ लागले तशा समोरच्या आजी म्हणाल्या, “पोरी, त्यानं सभेत नाही म्हटलं ना, थे पान अजून एकदा वाच.” मी वाचले.

दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. परीक्षेचे आणि उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस तासिकांत का धरले जात नाहीत, हे मी प्रथमच विचारले. समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिले. नेमणुकीचे पत्र अजून आलेले नाही. विहारातले वाचन मात्र रोहिणी ओलांडून बरेच पुढे गेले आहे.