एका महिन्यात दोन केसरी

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राला दोन आठवड्यांच्या आत दोन 'महाराष्ट्र केसरी' लाभले. पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही क्षणांत अस्मान दाखवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत धाराशिवला तोच राक्षे हर्षवर्धन सदगीरवर मात करून त्याच किताबाचा मानकरी ठरला. हरलेला मल्लही केसरी आणि त्याला हरवणाराही केसरी! पेठांतील तालमींत उमर घालवलेल्या शौकिनाने फेटा उडवावा तो कोणाच्या नावाने?

मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली कुस्तीगीर परिषद उभी केली आणि १९६१ साली औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिला केसरी झाला. गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता अखेरीस एकमेकांना भिडतात आणि एकच उभा राहतो, यातच या किताबाचे सारे मोल होते. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला अशी एकच लढत झाली आणि राक्षे निर्विवाद केसरी ठरला. परंतु भांडणाचे बी त्याआधीच पेरले गेले होते. परिषदेच्या अध्यक्षपदी वर्षानुवर्षे शरद पवार होते. ब्रिजभूषण शरण सिंह यांच्या हाती असलेल्या भारतीय कुस्ती महासंघाने २०२२ च्या मध्यास ती परिषद बरखास्त केली आणि भाजपचे तेव्हाचे खासदार रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली नवे संघटन उभे राहिले. पुढे न्यायालये झाली, मान्यतेची पत्रे झाली. एकीकडे जुनी मक्तेदारी, दुसरीकडे दिल्लीच्या आशीर्वादाची नवी. यातला एकही पक्ष मल्लांना विचारून उभा राहिलेला नाही. ज्या ब्रिजभूषण यांच्या महासंघाने महाराष्ट्राला शिस्त शिकवली, त्यांच्याच विरुद्ध १८ जानेवारी २०२३ रोजी, कोथरूडच्या अंतिम कुस्तीनंतर चारच दिवसांनी, देशाच्या नामांकित मल्लांना जंतरमंतरवर बसावे लागले, हेही येथे नोंदवलेले बरे.

दोन स्पर्धा म्हणजे मल्लांना दुप्पट संधी, असा एक साळसूद युक्तिवाद केला जातो. मैदाने दोन नव्हे, दोनशे भरवावीत. गावोगावच्या यात्रा ती भरवीतच आल्या आहेत. प्रश्न किताबाचा आहे. शेतकऱ्याच्या, हमालाच्या घरातून आलेला पोरगा दूध, तूप, बदामाच्या खुराकासाठी घरच्यांना कर्जात लोटून दहा-दहा वर्षे जोर-बैठका काढतो तो या एका नावासाठी. त्या नावावर त्याची जोड ठरते, इनाम ठरते, पुढे पोटापाण्याची सोय होते. नाव दोघांना वाटले की दोघांच्याही हाती निम्मेच उरते. पुढाऱ्याचे मात्र काही निम्मे होत नाही. त्याला व्यासपीठ, फलक आणि हलगीचा गजर पुरेपूर मिळतो.

अमेरिकेत १९९६ साली मोटारशर्यतींचा असाच खेळखंडोबा झाला. इंडियानापोलिसच्या धावपट्टीचे मालक घराणे एका बाजूला, संघमालक दुसऱ्या बाजूला, आणि एकाच जातीच्या गाड्यांच्या दोन मालिका. २००८ साली त्या पुन्हा एक झाल्या, तोवर प्रेक्षक दुसऱ्याच शर्यतींकडे वळले होते. तेथे निदान भांडवलदार आपल्या पैशासाठी भांडत होते. येथे पणाला लागली आहे ती परक्याची मेहनत.

२०२५ साली तर एकाच जिल्ह्याने दोन केसरी पाहिले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला आमदार संग्राम जगतापांच्या यजमानपदाखाली पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला आमदार रोहित पवारांच्या यजमानपदाखाली वेताळ शेळके. अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून राक्षेने पंचाला लाथ मारली. कृत्य निंद्यच; त्याला आणि महेंद्र गायकवाडला तीन वर्षांची बंदी झाली. किताबाचे दोन तुकडे करणाऱ्यांवर मात्र एका दिवसाचीही बंदी नाही!

जिल्हा तालीम संघांतून काम करणारे कार्यकर्ते या पक्षाजवळही आहेत. संघाच्या वार्षिक सभेत त्यांनी एवढा ठराव तरी मांडावा: किताब वर्षाला एकच, तो देणाऱ्या समितीत निम्मे माजी मल्ल आणि वस्ताद, आणि कोणत्याही पक्षाचा आमदार-खासदार पदाधिकारी नाही. ठरावाला विरोध करणाऱ्यांची नावे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि ती तालमीच्या दारावर लावावीत.