सिकलसेल : तपासण्या मोजल्या, घर कोण मोजणार?

सिकलसेलची प्रेसनोट आली की त्यात आकडे असतात. इतक्या तपासण्या, इतके वाहक, इतके रुग्ण, इतकी कार्डं वाटली. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट. तपासणी हवीच. आईबाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता 25 टक्के असते.

पण कार्ड हातात पडल्यावर त्या घरात काय होतं, याचा रकाना कुठंच नाही.

आपल्याकडचंच घ्या. झरी, मारेगाव, केळापूर, घाटंजी. थंडी आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येते. थंडीनं, अंगातलं पाणी कमी झाल्यानं, तापानं या पोरांची हाडं ठणकू लागतात. मायनं वेचणीला जावं, की पोराजवळ बसावं? हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यायची गोळी आहे. ती संपली आणि त्या दिवशी तालुक्याला जाणं झालं नाही, तर? एसटीत रुग्णाला सवलत आहे, पण बुडालेली मजुरी कोण देणार? आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठ्या बहिणीची शाळा बुडते, ती कोणत्या रजिस्टरात लिहायची?

हे मोजता येत नाही, असं कोणी म्हणू नये. अमेरिकेत कॅथलीन नाफल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये नेमकं याचसाठी 53 प्रश्नांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. मुलाचं रोजचं जगणं कसं चाललंय, आजार सांभाळायला घराला किती कष्ट पडतात, नवरा-बायकोचं यात एकमत आहे का, असं सगळं ते विचारतं.

आपल्याला 53 नकोत, पाचच पुरे. या महिन्यात किती वेळा दुखणं उठलं? शाळा किती दिवस बुडाली? गोळ्या किती दिवस नव्हत्या? मजुरी किती बुडाली? पोराला घरात कोण सांभाळतं? गोंडी, कोलामी बोलणाऱ्या घरात त्यांच्याच भाषेत विचारा. आणि आशाताईंवर हे काम टाकायचं, तर त्याचा वेगळा मोबदलाही द्या.

2016 च्या कायद्यानं सिकलसेलला दिव्यांगत्वात धरलं. म्हणजे हा प्रश्न फक्त रक्ताचा नाही, हे सरकारनंच मान्य केलंय. मग जिल्हा परिषदेच्या आरोग्य आढाव्यात तपासणीच्या आकड्याशेजारी हे पाच रकाने का नकोत?

जे मोजलं जात नाही, त्याला निधी मिळत नाही. आपल्या सदस्याला एवढं विचारा.