ताळेबंद सावरला, पुढे काय?

मोठ्या बँकेच्या प्रमुखाची कर्तबगारी कशावर जोखावी? बँक ऑफ महाराष्ट्रचेच पाहा. मार्च २०१८ मध्ये तिची ढोबळ थकीत कर्जे १९.४८ टक्के होती. मार्च २०२४ मध्ये ती १.८८ टक्क्यांवर आली. डिसेंबर २०१८ मध्ये सूत्रे हाती घेणाऱ्या ए. एस. राजीव यांच्या व्यवस्थापनाने २०१८-१९ मध्ये ४,७८४ कोटींचा तोटा सोसून बुडीत कर्जांसाठी तरतूद केली. हे धैर्य मानलेच पाहिजे. पण बँक सावरताना सरकारचे, म्हणजे तुमचे-आमचे भांडवलही ओतले गेले. म्हणून नफ्यापलीकडचा हिशेब मागायला हवा. रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला पैसा हंगामातच दिसतो. फवारणीचा खर्च मात्र मोहोराबरोबर सुरू होतो. त्या वेळी कर्ज हाती पडते का? कारभाराची खरी परीक्षा तिथेच आहे.