लंडनची चौथाई

मुलुखगिरीवर निघालेल्या मराठी फौजांनी परमुलखात चौथाई वसूल केली, हे इतिहास सांगतो आणि आम्ही ते नाकारत नाही. पण त्या चौथाईतही एक सौदा होता. ज्याने भरली त्याच्या गावाला निदान त्याच फौजेचा उपद्रव पोचू नये, एवढी हमी मिळे. विलायतेत आज घरोघरी जी चौथाई गोळा होते तिच्यात एवढीही हमी नाही. बीबीसीचा एकही कार्यक्रम न पाहणाऱ्याने बीबीसीला पैसे द्यायचे, आणि न दिले तर फौजदारी गुन्हेगार म्हणून उभे राहायचे!

अतिशयोक्ती वाटत असेल तर कायदा पाहा. कोणत्याही देशाची, कोणत्याही भाषेची वाहिनी थेट प्रक्षेपण चालू असताना पाहायची, तर दूरचित्रवाणीचा परवाना हवा. लंडनच्या वेम्बलीत मुलाकडे राहणाऱ्या आजीने सुनेच्या टॅबवर भारतातून थेट येणारी मराठी मालिका लावली, तरी हवा. नातवाने फोनवर क्रिकेटचा सामना थेट पाहिला, तरी हवा. त्या मालिकेत बीबीसीचा एक छदाम खर्च झालेला नाही, त्या सामन्यात तिचा समालोचक नाही. तरीही एप्रिल 2025 मध्ये दर सालची आकारणी 174.50 पौंड झाली. दिवा आपला, तेल आपले, आणि उजेडाचे भाडे शेजारच्या वाड्याला!

रक्कम मोठी की लहान, हा आमचा मुद्दाच नाही. उत्तम बातम्या आणि उत्तम माहितीपट फुकट होत नाहीत हे आम्हालाही कळते. आमचा संताप वसुलीच्या रीतीवर आहे. वीजबिल थकले, पाणीपट्टी थकली, तर त्या देशात ते दिवाणी देणे असते. दूरचित्रवाणीचा परवाना नसला की मात्र 2003 च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचे कलम 363 पुढे येते आणि 1,000 पौंडांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा उभा राहतो. पाणीपट्टी बुडवणारा देणेकरी, आणि मालिका पाहणारी आजी आरोपी. ही कुठली न्यायबुद्धी?

आता वसुलीची तऱ्हा ऐका. ज्या घराच्या नावावर परवाना नाही त्या घराच्या दारातून एक पाकीट आत पडते. त्यावर माणसाचे नाव नसते, ‘येथे कायदेशीर राहणारा’ एवढाच उल्लेख. आत चौकशी उघडल्याची वर्दी, अधिकारी येतील ही तंबी, आणि न्यायालयात काय काय घडते याचे वर्णन. याला उत्तर दिले नाही तर दुसरे येते, मग तिसरे, प्रत्येकाचा सूर आधीच्यापेक्षा चढा. पाठवणाऱ्याचे नाव ‘टीव्ही लायसन्सिंग’. वाचणाऱ्याला वाटते, हे एखादे सरकारी खाते. ते खाते नव्हे. बीबीसीच्याच मालकीची ती नाममुद्रा आहे आणि तिच्या आडून बरेचसे काम कॅपिटा नावाची कंत्राटदार कंपनी करते. घरात संचच नाही असे कळवले तर काही काळ शांतता मिळते, आणि साधारण दोन वर्षांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ज्याच्या दावणीला म्हैस नाही त्याने ठरावीक मुदतीने चावडीवर येऊन ‘माझ्याकडे म्हैस नाही’ असे लिहून द्यावे, असा हा कारभार!

मग दार वाजते. आलेल्या माणसाला वॉरंटाशिवाय उंबरठा ओलांडण्याचा हक्क नाही, त्याला तोंडावर दार लावता येते. हे त्याला पक्के ठाऊक असते. दार उघडणारीला नसते. ती गांगरते, खरे ते सांगते, पुढे केलेल्या कागदावर सही करते. ती सही हाच पुरावा. (घरातल्या संचाच्या लहरी हुडकणाऱ्या गाड्यांचा धाक तर 1952 पासून दाखवला जातो, त्या गाडीचा पुरावा न्यायालयात दाखल झाल्याचे मात्र ऐकिवात नाही.) परिणाम काय? 2019 साली या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांपैकी सुमारे 74 टक्के स्त्रिया होत्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्त्रिया ज्या गुन्ह्यासाठी सर्वांत जास्त दोषी ठरल्या तो चोरी नव्हे, मारामारी नव्हे, हा होता! बीबीसीने त्याआधीच, 2017 मध्ये, या तफावतीची स्वतःच तपासणी केली आणि निर्वाळा दिला की पक्षपात नाही, दिवसा घरी स्त्रिया अधिक असतात आणि दारही त्याच उघडतात. वा! म्हणजे दार उघडणारी, खरे बोलणारी सापडते. आणि पडद्याआड दबून बसणारा सुटतो. याला कारभारी पक्षपाताचा अभाव म्हणतात, आम्ही याला लाज म्हणतो.

पुढचा अंक त्याहून काळा आहे. असे खटले 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘सिंगल जस्टिस’ पद्धतीने चालतात. खोलीत एक मॅजिस्ट्रेट, त्याला कायदा सांगणारा सल्लागार आणि कागदांचा गठ्ठा. आरोपी नाही, वकील नाही, बाकावर श्रोता नाही. नवरा गेला, आजारी होते, पैसे नव्हते, अशी पत्रे लोक न्यायालयाला लिहितात. ती पत्रे फिर्यादीच्या डोळ्यांखालून जातीलच असे नाही. मॅजिस्ट्रेटांच्या संघटनेलाच 2024 मध्ये म्हणावे लागले की फिर्यादीने ही पत्रे आधी वाचावीत. न्याय देणाऱ्यांनाच न्यायाची भीक मागावी लागते, तिथे बाकीच्यांनी काय करावे? आणि दंडावर खर्च, खर्चावर ‘पीडितांसाठी अधिभार’. पीडित कोण? बीबीसी! परवान्यासाठी आम्ही कोणाला तुरुंगात पाठवत नाही, असे कारभारी छाती काढून सांगतात. शब्दशः खरे आहे. तुरुंग असतो तो दंड न भरल्याबद्दल.

हे अटळ आहे, असे कोणी सांगू नये. त्याच राज्यातल्या स्कॉटलंडमध्ये खटला भरायचा की नाही हे सरकारी अभियोक्ता ठरवतो, आणि तिथे असले खटले न्यायालयात जवळपास उभेच राहत नाहीत. तपासणारा, वसूल करणारा आणि फिर्याद करणारा इंग्लंडातल्यासारखा एकच असला की काय होते, याचे उत्तर सीमेपलीकडे डोकावले तरी मिळते.

म्हाताऱ्यांचे पाहा. 2000 सालापासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना परवाना मोफत होता, पैसे सरकार भरी. 2015 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी तो बोजा बीबीसीच्या गळ्यात घातला, आणि बीबीसीने 1 ऑगस्ट 2020 पासून तो म्हाताऱ्यांच्या गळ्यात ढकलला. आता मोफत फक्त ‘पेन्शन क्रेडिट’ हा गरीब वृद्धांचा भत्ता घेणाऱ्यांना. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले आणि दोन्ही बोटे आजीच्या डोळ्यात गेली. अंध माणसाची कथा एका वाक्यात संपते: त्याला अर्धी सूट, म्हणजे न दिसणाऱ्या चित्रांचे अर्धे पैसे तो भरतोच.

आम्ही भारतीय हे कोणत्या तोंडाने बोलतो, असे कोणी विचारील. अनुभवाच्या तोंडाने. 1933 चा वायरलेस टेलिग्राफी कायदा इंग्रजांनीच आमच्या माथी मारला. रेडिओचे वर्षाला पंधरा आणि दूरचित्रवाणीचे पन्नास रुपये भरायला पोस्टाच्या खिडकीशी रांग लावणारी, परवान्याचे पुस्तक ट्रंकेत जपणारी पिढी अजून हयात आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही ते पुस्तक मिटले. मात्र सरकारच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या दूरदर्शनची काय गत झाली हेही आम्ही पाहिले आहे. म्हणून बीबीसीची तिजोरी मंत्र्याच्या हाती द्या, असे आम्ही म्हणणार नाही. बीबीसी जगावी. 2017 पासून ती मराठीतही लिहिते, आम्ही वाचतो. पण स्वतंत्र पत्रकारितेला गरीब बाईच्या दंडाचा टेकू लागत असेल, तर ते स्वातंत्र्य कसले?

हा गुन्हा कायद्यातून न काढण्याचे जानेवारी 2021 मध्ये सरकारने कारण दिले की तो काढला तर बुडवेगिरी वाढेल, आणि दिवाणी वसुलीत दारी जप्तीवाले येतील. किती हा कळवळा! फौजदारी दंड थकला तर जप्तीवाले येत नाहीत की काय? येतात, वर गुन्हेगाराचा शिक्काही येतो.

बीबीसीची सध्याची सनद 31 डिसेंबर 2027 ला संपते. नवी सनद लिहायला बसणाऱ्यांनी लेखणी उचलताच आधी कलम 363 मधला गुन्हा खोडावा. पैसे कसे उभे करायचे याची खलबते त्यानंतर. आणि तोवर, वेम्बलीच्या आजी, दार वाजले तर साखळी काढू नका. वॉरंट मागा, आणि कुठल्याही कागदावर सही करू नका.