सुटींतील शेतशाळा

उन्हाळ्याची सुटी लागली कीं घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो: मुलांस गुंतवावें कशांत? शहरांत चित्रकलेचे, पोहण्याचे, संगणकाचे वर्ग निघतात. ते वाईट नव्हेत. परंतु ज्या घराचा गांवीं अजून शेताचा तुकडा आहे, तेथील मुलांस भाताचें रोप व गवत यांतील भेद कळूं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आमच्या बालपणीं, १९७० च्या सुमारास, विहिरीवर मोट चाले. बैल धावेवरून उतरत, मोट थारोळ्यांत रिती होई आणि पाणी पाटानें वाफ्यांत जाई. दारें धरण्याचें काम आम्हां मुलांकडे असे. एक वाफा भरला कीं त्याचें तोंड मातीनें बुजवून दुसऱ्याचें उघडावयाचें. अवधान म्हणजे काय, हें त्या पाटानें आम्हांस पहिल्यानें शिकविलें. अमरकोश मागाहून आला.

निसर्गाच्या सान्निध्यांत शिक्षण द्यावें, हा विचार नवा नव्हे. जर्मन शिक्षणशास्त्रज्ञ फ्रोबेल हा तरुणपणीं वनाधिकाऱ्यापाशीं उमेदवार होता. पुढें १८४० मध्यें त्यानें आपल्या बालशाळेस ‘मुलांची बाग’ या अर्थाचें नांव दिलें. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, आणि पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या परिसरांत गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरविली.

हेंच ध्यानीं धरून गेले तीन उन्हाळे आम्ही कुटुंबांतील व शेजारचीं बारा मुलें मेअखेर दहा दिवस शेतावर नेतों. सकाळीं दोन तास काम, दुपारीं सावलींत गोष्टी, सायंकाळीं पक्षी, रात्रीं तारे. विहिरीजवळ एकट्यानें जावयाचें नाहीं आणि काळोखांत विजेरीवांचून पाऊल टाकावयाचें नाहीं, हे दोन नियम कडक. सूर्य रोहिणींत जातो तो हाच काळ. पावशा ओरडूं लागतो. धूळवाफेच्या पेरणीची तयारी चालते. बाभळीवर गतवर्षींचीं सुगरणीचीं घरटीं लोंबत असतात. नांव सुगरणीचें, परंतु घरटें विणतो नर. मादी तें पाहून पसंत करते! हें ऐकून मुलींनीं त्या रात्रीं भांडीं घासण्याचें काम मुलग्यांकडे सोंपविलें, आणि तें त्यांनीं बऱ्यापैकीं केलेंहि.

तेथें गुरु आम्ही नव्हे. शेतावर जन्मभर राबलेले एक वृद्ध गृहस्थ मुलांस शिकवितात. मुलें त्यांस काका म्हणतात व पंगतीस त्यांच्या शेजारीं बसतात. मातीचा ओल मुठींत दाबून कसा ओळखावा, हें आमच्या कोणत्याहि पुस्तकांत नव्हतें.

“यानें परीक्षेंतील गुण वाढतील काय?” असें एका मातेनें विचारिलें. वाढतील असें वचन आम्ही देत नाहीं. परंतु सातबाऱ्यावर नांव आहे आणि बांध मात्र ठाऊक नाहीं, अशी पिढी वाढली, तर उद्यां जमिनीचा प्रश्न तिच्यापुढें केवळ दराचा उरेल. ठेवावी कीं विकावी, हें पुढें तींच ठरवोत. परंतु जें ठरवावयाचें तें एकदां पायांखालीं घेऊन ठरवावें.

म्हणून ज्यांचें गांवीं शेत आहे त्यांनीं येत्या मे महिन्यांत चार दिवस तरी मुलांस तेथें न्यावें, आणि शेजारचीं दोन मुलें, ज्यांस गांव नाहीं, त्यांसहि बरोबर घ्यावें.