खेळाचा कापूस आणि प्रक्षेपणाची गिरणी

हिंगणघाटच्या कापसाने एकोणिसाव्या शतकात व्यापारात मोठे नाव मिळविले. परंतु त्याचे सूत आणि कापड जेथे झाले, तेथेच मोलाचा मोठा वाटा राहिला. आपल्या देशी खेळांच्या बाबतीत आज याहून वेगळे काही घडत आहे काय?

खो-खो, कबड्डी, कुस्ती यांना दूरचित्रवाणीवर पुरेसे स्थान नाही, ही क्रीडाप्रेमींची तक्रार जुनी आहे. ती घेऊन क्रीडावाहिनीकडे जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वाहिनीचा व्यवहार मुख्यतः प्रेक्षकांचे लक्ष जाहिरातदारांना विकण्याचा असतो. परंपरेचा दाखला तेथे फारसा उपयोगी पडत नाही. खेळ पाहावासा कसा वाटेल, हे सांगावे लागते.

कबड्डीचे उदाहरण बोलके आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९९० पासून कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धांत आहे. तरीही तिला घरोघरचा प्रेक्षक लाभला तो २०१४ साली, चारू शर्मा व आनंद महिंद्र यांच्या मशाल स्पोर्ट्सची प्रो कबड्डी स्टार स्पोर्ट्सवर आली तेव्हा. तीस सेकंदांची चढाई, सलग दोन निष्फळ चढायांनंतर ‘करा वा मरा’ चढाई अशा नियमांनी खेळ पडद्याजोगा झाला. कल्पना कशी मांडावी, याचा हा उत्तम धडा होय.

दुसरा धडा मात्र आपण घेतलेला नाही. २०१५ साली स्टारने मशालची ७४ टक्के मालकी घेतली. पुढे २०२१ साली पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क सुमारे ९०८ कोटी रुपयांना गेले, तेही स्टारकडेच! मुख्य मालक तोच आणि गिऱ्हाईकही तोच, अशा व्यवहारात खरी किंमत ठरविणार कोण?

वाहिनीने भांडवल घातले, जोखीम पत्करली, तेव्हा नफा तिचाच, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. पण खेळाडू घडविण्याचा वर्षानुवर्षांचा खर्च गावोगावच्या मंडळांनी सोसलेला असतो. तो कोणत्याच ताळेबंदात येत नाही, म्हणून तो झालाच नाही असे नव्हे. फुटबॉलमध्ये आंतरराष्ट्रीय संघांतराच्या मोबदल्यातील ५ टक्के रक्कम, खेळाडूला बारा ते तेवीस या वयात घडविणाऱ्या क्लबांसाठी राखण्याचा फिफाचा नियम आहे. त्याने त्या खेळाचा धंदा बुडालेला नाही.

म्हणूनच उद्या विदर्भातून कोणी खो-खोची वा कुस्तीची योजना घेऊन वाहिनीच्या दारी गेला, तर त्याने दोन अटी आधीच लिहून न्याव्यात : हक्क विकायचे नाहीत, ठराविक मुदतीने द्यायचे, आणि उत्पन्नाचा निश्चित हिस्सा मूळ मंडळांकडे परत यायचा. अटी मान्य नसतील, तर थोडे थांबावे. घाईने विकलेल्या कापसाला काय भाव मिळतो, हे हिंगणघाटच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको.